मोठ्याबाबांची येझदी: बनवायची की खोलून विकायची?

११ ऑगस्ट २०२४, रविवार

गाडी नागपुरातल्याच महाल भागातून मानेवाड्याला, माझ्या घरी आणली. छोट्या हत्तीचं भाडं ६०० रुपये. चढवायला गल्लीतली दोन पोरं मदतीला आली, त्यांना तर्री-पोहे खाऊ घातले.

येझदी २५० मोटारसायकल, १९९० चं मॉडेल, एमएच ३१. मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, २०१६ मध्ये गेले, पण गाडी त्याच्याही तीन वर्षं आधीपासून उभी होती. मोठीआईच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, घरामागच्या छपरीत, टिनाखाली. टिनाला एक भोक होतं आणि ते बरोबर इंजिनावर. अकरा पावसाळ्यांचं पाणी कुठे गेलं असेल याचा विचार मी आज केला नाही, करायला हवा होता.

वरून पाहता गाडी पूर्ण आहे. टाकी आतून गंजलेली, पण बाहेरून एकही पोचा नाही. मागच्या चेनचा बंद डबा शाबूत आहे, आणि तो असा सापडत नाही. दोन्ही सायलेन्सर आहेत, क्रोम उडालेलं. पिस्टन चिकटलेलं.

या नोंदी तारीखवार ठेवतोय. अशीच जुनी गाडी घरात उभी असलेल्याला पैसे कुठे घालायचे आणि कुठे थांबायचं, ते कळायला उपयोगी पडतील.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी होती, म्हणून सकाळीच लागलो. पहिली चूकही आजच झाली.

येझदीला किक आणि गिअर यांचा एकच दांडा असतो, डाव्या बाजूला. तो आत दाबून वर फिरवला की गिअरची किक होते. प्लग काढला, आत डिझेल आणि गंजावर मारायचा स्प्रे ओतला आणि अर्ध्या तासाने दांड्यावर उभा राहिलो. पिस्टन हललं नाही. दांडा मात्र शाफ्टवर गर्रकन फिरला. उतरून पाहिलं तर दांड्याच्या आतले दाते घासून गुळगुळीत झालेले, शाफ्टचेही अर्धे गेलेले. दोन्ही बदलायचे तर २,२०० रुपये.

चिकटलेल्या पिस्टनवर किक मारू नका. येझदीवर तर नाहीच, कारण इथे किक गेली की गिअरही गेला. डिझेल ओता आणि आठवडाभर गाडीला हात लावू नका.

१८ ऑगस्ट, रविवार

डिझेल रोज संध्याकाळी थोडं थोडं भरतोय. पिस्टन तसंच.

हात स्वस्थ बसेनात म्हणून बाहेरची कामं काढली. दोन टायर-ट्यूब आणले, ४,२०० रुपये. दोन्ही सायलेन्सर आणि बेंड (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या नळ्या) क्रोमला टाकले, ५,६०० रुपये, मिळायला पंधरा दिवस. काम पुढे सरकलं असं वाटून बरं वाटलं.

२५ ऑगस्ट, रविवार

हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढलं. लाकडाचा गोल ठोकळा पिस्टनवर ठेवून हलक्या हातोडीने ठोकत गेलो, तेव्हा दुपारी दोनच्या सुमारास पिस्टन पहिल्यांदा सुतभर खाली गेलं. साडेचारला ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, वर उचलला. पिस्टनच्या डोक्यावर ०.७५ कोरलेलं आहे, म्हणजे सिलिंडरचा मूळ ६५ मिलिमीटरचा बोअर (आतलं भोक) तीनदा कापून मोठा केलाय. १.०० ची एक साइज शिल्लक, नंतर स्लीव्हच टाकावी लागेल.

संध्याकाळी मिस्त्रीकाका आले. जावा आणि येझदीवर त्यांचा चाळीस वर्षांचा हात आहे. गाडीकडे पाहण्याआधी भिंतीला टेकलेले नवे टायर पाहिले.

"टायर कायले आनले भाऊ? आधी चेंबर खोलून पाहाचं ना."

मग पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड हातात धरला, वर-खाली हलवला. आवाज आला, टक्. परत, टक्. माझाही हात रॉडवर ठेवायला लावला. रॉड आडवा थोडा हलतो, ते चालतं. पण वर-खाली हालचाल नको, एका केसाचीही नको. इथे ती बोटाला स्पष्ट लागत होती.

"पानी गेलंय आतमंदी," एवढंच म्हणाले.

ब्लॉक काढल्यावर क्रँक चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या डब्यात, टॉर्च मारली. तळाशी चहाच्या गाळासारखा चिखल होता. टिनाचं भोक, कार्ब्युरेटर, तिथून आत. अकरा पावसाळे.

३ सप्टेंबर, मंगळवार

मारबत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नागपूरची मिरवणूक. महालात गाडी घेऊन शिरता येत नाही, म्हणून मेडिकल चौकातून पायीच गेलो. मिरवणूक पाहायला मोठीआई दरवर्षी दारात खुर्ची टाकते. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" चालू असतानाच तिने मला आत नेलं आणि लोखंडी पेटी उघडली.

आरसी बुक मिळालं. मोठ्याबाबांच्या नावावर. २००५ ला पंधरा वर्षं भरल्यावर एकदा नूतनीकरण केलेलं, २०१० नंतर काहीच नाही. मोठेबाबा गेल्यावर नाव बदलायला हवं होतं, ते आमच्यापैकी कोणीच केलं नाही. त्यासाठी फॉर्म ३१ लागतो, नूतनीकरणाला फॉर्म २५. २०२४ मध्ये नूतनीकरण फी १,००० होती, पाच वर्षांचा पर्यावरण कर २,०००, उशिराचा दंड वेगळा. हे सगळं पैशाने आणि फेऱ्यांनी होण्यासारखं होतं, म्हणून मी खूश होऊन परतलो.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले, आज फक्त दोन तास मिळाले. त्या दोन तासांत सगळं बदललं.

आरसी हातात घेऊन क्रमांक जुळवायला बसलो. चेसिसचा क्रमांक हँडलखाली रंगाच्या तीन थरांखाली होता. पेंट रिमूव्हर लावून काढला, जुळला. चेंबरवरचा इंजिन क्रमांक तेलाच्या कडक काजळीखाली होता. तारेच्या ब्रशने घासला, वरून पांढरा खडू घासला, बोटाने पुसला आणि मोबाइलचा टॉर्च आडवा धरला. अंक पांढरे उठले. वाचले. आरसी पाहिली. परत वाचले. मुलीला बोलावून तिला वाचायला लावले. पहिले अंक सारखे, शेवटचे चार वेगळे.

खाडाखोड नाही, ठोकून बदललेला क्रमांकही नाही. व्यवस्थित कारखान्याचा ठसा आहे. पण दुसऱ्याच गाडीचा.

मोठीआईला फोन केला. तिला आठवत होतं. मुलं लहान असताना दोघं रामटेकच्या यात्रेला निघाली होती, मनसरच्या अलीकडे गाडी सीज झाली, म्हणजे इंजिन जाम झालं. "मंग आठ दिवस मिस्त्रीकडं होती. त्याहिनं सेकंडहँड काही तरी बसवून देल्लं असं म्हनत होते." सेकंडहँड चेंबर. पावती नाही, आणि कोणत्या गाडीचं तेही कोणाला माहीत नाही.

इंजिन बदललं तर त्याची नोंद आरसीवर करावी लागते आणि त्यासाठी नव्या इंजिनाची पावती लागते. ती नसली तर गाडी कितीही सुंदर बनवा, तपासणीला क्रमांक जुळत नाही. आणि कोणाच्या चोरीला गेलेल्या गाडीचं चेंबर मी रंगवून फिरवणार नाही, याची खात्री कोण देणार?

कोणतीही जुनी गाडी आणली की पहिल्या दिवशी, पान्हा हातात घ्यायच्या आधी, हे दोन क्रमांक आरसीशी जुळवा. मी हे काम चार आठवडे उशिरा केलं आणि तोवर ११ हजारांच्या आसपास खर्च झाला होता.

१५ सप्टेंबर, रविवार

चेंबर तरीही खोललं. आत काय आहे हे पाहिल्याशिवाय निर्णय करायचा नव्हता.

पुलर (घट्ट बसलेले पार्ट ओढून काढायचं अवजार) घेतला, ४५० रुपये. डाव्या बाजूचा क्लच आणि प्रायमरी चेन निघाली. उजव्या बाजूला डायनॅमो, तोही निघाला. कॉर्कच्या क्लच प्लेटा एकमेकांना चिकटून वीट झाल्या होत्या.

दुसरी मोठी चूक इथे झाली. चेंबरचे दोन अर्धे सुटत नव्हते, तेव्हा फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं. ॲल्युमिनियमवर नखाएवढी खोल खाच पडली. नंतर गॅसच्या शेगडीवर चेंबर गरम केलं, तर बेअरिंग आपोआप सैल झालं आणि दोन्ही भाग हाताने सुटले. पाच मिनिटांचं काम होतं. खाच पडलेल्या जागेतून आता तेल गळणार, चेंबर वापरायचं असतं तर ते वेल्डिंगने भरून पुन्हा सपाट करून घ्यावं लागलं असतं.

क्रँकच्या रॉडखालचे रोलर गंजाने खड्डे पडलेले. मेन बेअरिंग हाताने फिरवलं तर वाळू चावल्यासारखं. दोन्ही बाजूंचे ऑइल सील लाकडासारखे कडक. क्लचकडचा सील गेला की इंजिन गिअरचं तेल ओढतं आणि निळा-पांढरा धूर सोडतं. मोठीआई म्हणायची, शेवटी शेवटी ही गाडी आली की गल्ली धुराने भरायची. कारण हेच.

सगळे बोल्ट एकाच डब्यात टाकले होते. कोणता कुठला हे लावण्यात दोन संध्याकाळी गेल्या. प्रत्येक कव्हरचे बोल्ट पुठ्ठ्यावर त्याच आकारात टोचून ठेवा.

२२ सप्टेंबर, रविवार

मिस्त्रीकाकांसोबत बसून हिशेब केला. क्रँकचा रॉड किट आणि प्रेसवर बसवणं ६,५००. बेअरिंग-सील ३,२००. बोअर-पिस्टन ३,८००. क्लच आणि प्रायमरी चेन ३,०००. किक शाफ्ट-दांडा २,२००. गॅस्केट, बोल्ट १,२००. कार्ब्युरेटर, पॉइंट, कॉइल २,६००. वायरिंग, बॅटरी ३,४००. राहिलेलं क्रोम ९,०००. रंग ८,५००. चिमट्याचे बुश, पुढचे शॉकप, कोन सेट ४,३००. सीट १,५००. काकांची मजुरी १२,०००. एकूण ६१,२००. आतापर्यंतचा खर्च यात धरलेला नाही.

मैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. तरी पार्ट मिळतात, लहान कारखानदार बनवतात. पण क्रँक पिनसारख्या गोष्टीत माल कोणाचा हे पाहूनच घ्यावा लागतो. २०२२ ला येझदी हे नाव पुन्हा बाजारात आलं, ते इंजिन मात्र ३३४ सीसीचं, फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं. त्याचं काहीच याला लागत नाही.

६१ हजार मी घातले असते. बायकोलाही तसं सांगून ठेवलं होतं, वर्षभरात थोडे थोडे. पैशाने अडलं नाही.

अडलं ते चेंबरवर. आठवडाभर कामठी रोड, वाडी, हिंगणा जिथे जिथे जुनं सामान मिळतं तिथे विचारलं. चेंबर चार ठिकाणी मिळालं. पावतीसह, रद्द झालेल्या आरसीच्या प्रतीसह, एकाही ठिकाणी नाही. "पावती कोन मांगते भाऊ?" हे एकच वाक्य चारही ठिकाणी ऐकलं.

एकाने व्हिंटेज म्हणून नोंदणी करायचा मार्ग सुचवला. ती नोंदणी ५० वर्षांच्या वरच्या आणि मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी आहे. ही गाडी १९९० ची, आणि इंजिनही मूळ नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

मोठीआईकडे गेलो. गाडी तिची आहे, निर्णयही तिचाच. मी सगळं सांगितलं, हिशेबाचा कागद दाखवला, दोन्ही क्रमांक दाखवले. ती कागदाकडे न पाहता म्हणाली, "त्याहिनं बिनपावतीचं घेतलं म्हनून हे झालं न? मंग तू देशील ते पावती करून देजो. आन् ज्याले लागते त्याले देजो."

मग आत जाऊन एक पितळी माप घेऊन आली. मोठेबाबा पेट्रोल पंपावर हे खिशातून काढायचे, एका लिटरला ४० मिली तेल मोजून टाकीत टाकायचे. लहानपणी टाकीवर बसवून ते माप मला धरायला द्यायचे. ते मी घेतलं.

खोलून विकायचं ठरलं.

६ ऑक्टोबर, रविवार

विकायच्या आधी कागद. हा क्रम उलटा करू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की मालकाने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं आणि आरसी परत करायची असते. अर्ज मोठीआईच्या सहीने, सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचं शपथपत्र. अर्जात मी दोन्ही इंजिन क्रमांक लिहिले, मूळ आणि सापडलेला, आणि तो कसा आला तेही. शपथपत्र आणि झेरॉक्स धरून ७०० रुपये.

याच आठवड्यात एक जण घरी आला. इंजिनाकडे त्याने पाहिलंही नाही. त्याला चेसिस आणि आरसी एकत्र हवी होती. २८ हजार म्हणाला, रोख. सगळे पार्ट विकून जेवढे येतील त्याच्या जवळपास.

आरसी चेसिससकट विकली की त्या क्रमांकावर दुसरीच कुठली गाडी उभी राहते. अपघात झाला, गाडी कोणत्या गुन्ह्यात सापडली, तर पोलीस महालात मोठीआईच्या दारात येतील. तिचं वय ७८. मी नाही म्हटलं. तो दोनदा परत आला, दुसऱ्यांदा ३२ म्हणाला.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा. दीक्षाभूमीच्या गर्दीमुळे अजनीकडून निघणं शक्यच नव्हतं, म्हणून दिवसभर घरीच पार्ट धुतले. झेंडूचं एक फूल टाकीवर ठेवलं, शेवटची पूजा म्हणून.

पावती पुस्तक आणलं, कार्बनवालं, ४० रुपये. प्रत्येक पावतीवर तारीख, पार्टचं नाव, किंमत, गाडीचा नोंदणी क्रमांक, नोंदणी रद्द करण्यासाठी अर्ज दिल्याची तारीख. खाली माझी सही, घेणाऱ्याची सही. नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आल्यावर त्याची प्रत जोडून द्यायची.

खोलून विकायचं असेल तर तीन गोष्टी करा. पार्ट डिझेलने धुवा, रंगवू नका, घेणाऱ्याला खालचा गंज दिसायला हवा. मोजता येण्यासारखं मोजून द्या, ब्लॉकवर मी "०.७५, एक साइज बाकी" असं लिहून टॅग लावला. आणि गिअर सेट, चेनचा डबा यांसारखे संच तोडू नका. माझ्याकडे आलेल्या पहिल्या माणसाला फक्त टॉप गिअर हवा होता, १,००० देत होता. एक गिअर काढला की उरलेले कोणी घेत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं. तपासणीच्या वेळी आमच्याकडून चेसिसच्या क्रमांकाचा कापलेला तुकडा मागितला होता, तो दिला. ग्राइंडर मीच चालवला. नळीचं ते वीतभर लोखंड हातात गरम लागत होतं आणि त्यावरचा क्रमांक नुकताच घासून स्वच्छ केलेला होता. उरलेली फ्रेम तीन ठिकाणी कापून भंगारात. चेंबरचे दोन्ही भाग कोणाला दिले नाहीत, पत्राच्या प्रतीसह वेगळे बांधून ठेवलेत. चौकशी आलीच तर दाखवायला हवेत.

विक्री अशी झाली: टाकी ४,५००, हेडलाइट चावीच्या स्विचसह ३,०००, ब्लॉक-हेड २,५००, गिअर सेट २,८००, डायनॅमो २,२००, चेनचा डबा २,०००, सीट ८००, दोन चाकं नव्या टायरसह ६,५००, शॉकप २,५००, कार्ब्युरेटर १,५००, दोन सायलेन्सर आणि उजवं बेंड ४,८००. एकूण ३३,१००. माझा खर्च भाडं, टायर, क्रोम, पुलर, डिझेल-स्प्रे, कागद, पावती पुस्तक धरून ११,८९०. उरलेले २१,२१० मोठीआईच्या खात्यात टाकले.

क्रोमचे पैसे निघाले नाहीत. सायलेन्सर घेणारा म्हणाला की गंजलेले असते तरी त्याने फार कमी दिले नसते, त्याला क्रोम त्याच्या माणसाकडूनच करायचं होतं. टायरचेही अर्धेच आले.

चेनचा डबा वर्ध्याच्या एका मास्तरांनी नेला. सहा वर्षं शोधत होते. पावती हातात दिली तेव्हा त्यांनी ती चार वेळा वाचली, घडी घालून आरसीच्या पाकिटात ठेवली आणि म्हणाले, जुन्या पार्टाची पावती मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली.

१ डिसेंबर, रविवार

छपरी धुतली. टिनाचं भोक मोठीआईकडे जाऊन एम-सील लावून बुजवलं, वरून पत्र्याचा तुकडा ठोकला.

विकायला आता एकच उरलंय, डावं बेंड, क्रोम केलेलं. उजवं नेणाऱ्याचं डावं चांगलं होतं. ज्याला लागेल त्याने आपलं जुनं बेंड सोबत आणून लावून पाहावं. येझदीची डावी-उजवी बेंडं आरशातल्यासारखी उलटी असतात, एकाचं दुसऱ्या बाजूला बसत नाही. पावती क्रमांक १२ कोरी ठेवली आहे.